दुसरा फ्लॅश

आमच्या घरच्या दीडेक वर्षाच्या फोटोंमध्ये बाबांचं तोंड उघडं आहे. कुठे किंचित, कुठे चांगलं आ वासलेलं. बाहेरच्या माणसाला वाटेल, हे गृहस्थ फोटोच्या वेळी काहीतरी चघळत होते, नाहीतर कुणावर तरी खेकसत होते. प्रत्यक्षात ते एकच शब्द म्हणत असत, "झालं." आणि तेव्हा काहीच झालेलं नसे.

कॅमेरा दादाने आणला होता. माझा मोठा भाऊ अमेरिकेत नोकरीला होता. एकदा सुट्टीवर घरी, म्हणजे भाईंदरला जेसल पार्कमध्ये, आला तेव्हा साबणाच्या वडीएवढा चंदेरी डिजिटल कॅमेरा घेऊन आला आणि जाताना तो आम्हालाच ठेवून गेला. पहिल्या संध्याकाळी त्याने आमचे धडाधड फोटो काढले. टीव्हीला वायर लावून ते दाखवले तर सगळ्यांचे डोळे लालभडक. आई म्हणाली, "ही काय भुताटकी? मला नको असले फोटो." दादाने बटणं दाबून पडद्यावर डोळ्याचं एक बारकं चित्र आणलं आणि आम्हाला समोर बसवून शिकवणी घेतली. आता फ्लॅश दोनदा पडणार. पहिला फक्त डोळ्यांसाठी, त्याने बाहुल्या लहान होतात. मग लगेच दुसरा पडतो, तेव्हा फोटो निघतो. मधे हलायचं नाही.

मधे जेमतेम एक आवंढा गिळण्याइतका वेळ असे. पण आमच्या घराण्यात तेवढ्यात बरंच काही होत असे.

बाबांची फोटोविषयीची सगळी समज गिरगावातल्या चाळीत तयार झाली होती. लग्नामुंजीला कोपऱ्यावरच्या स्टुडिओतला फोटोग्राफर यायचा. त्याच्या फ्लॅशचा भप्पकन उजेड पडला की फोटो निघाला, असा अलिखित करार होता. उजेड पडेपर्यंत श्वास रोखायचा, पोट आत, हनुवटी वर. उजेड पडला की माणूस मोकळा. रोल छत्तीस फोटोंचा, तेव्हा एकाच गोष्टीचा दुसरा फोटो काढणं म्हणजे उधळपट्टी. अशा माणसाला निवृत्तीनंतर कुणी सांगितलं की पहिला उजेड खोटा आणि दुसरा खरा, तर तो ऐकून घेतो, मान डोलावतो आणि पुन्हा पहिल्याच उजेडाला सुटतो. "झालं" म्हणून ते वळायचे आणि दुसरा फ्लॅश त्यांच्या उघड्या तोंडावर, नाहीतर कानामागे पडायचा. मी दरवेळी सांगायची, "बाबा, अजून एक आहे." पालथ्या घड्यावर पाणी.

आईही सुरुवातीला तशीच. पहिल्या फ्लॅशनंतर तिची नजर सरळ गॅसकडे. दादा गेल्यावर दर महिन्या-दोन महिन्यांनी फोटो पाठवायचं काम माझ्याकडे आलं, आणि त्या काळातल्या फोटोंत बाबा काहीतरी म्हणतायत आणि आई कुकरच्या शिट्ट्या मोजतेय.

फोटोची जागा ठरलेली होती. हॉलमधली शोकेसच्या बाजूची भिंत. बाबा इस्त्रीचा शर्ट घालायचे. खाली पायजमाच असायचा, कारण "तेवढं येत नाही ना त्यात?" आई चांगल्यातली साडी नेसायची. दोघांच्या मधे एक माणूस सहज उभा राहील एवढी जागा. मी म्हणायची, जरा जवळ या. बाबा अंग न हलवता नुसती मान आईच्या दिशेला झुकवायचे. ते तसेच होते. रस्त्यातून चालताना आईच्या चार पावलं पुढे, बसमध्ये वेगळ्या सीटवर. त्यांच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा दोघं एकाच मांडवात चुकून आल्यासारखी उभी आहेत. चारचौघांत बायकोला हात लावणं म्हणजे पांचटपणा, हे त्यांचं पक्कं मत होतं आणि ते त्यांनी कधी बोलूनही दाखवलं नाही, इतकं पक्कं.

मग आईच्या किडन्या गेल्या. एका वाक्यात सांगितलं, कारण आम्हालाही ते जवळजवळ एकाच वाक्यात सांगितलं गेलं. आठवड्यातून दोनदा मीरा रोडच्या एका हॉस्पिटलात डायलिसिस सुरू झालं. पाणी मोजून, मीठ नाही, खोबरं नाही. दारावर म्हावरं घेऊन येणारी राई गावची मासेवाली पहिल्या आठवड्यात टोपली उतरवून म्हणाली, "काय बाय, आज पण न्हाय?" आणि मग तिने आमच्या मजल्यावर हाक मारणंच बंद केलं. आईला त्याचं फार वाईट वाटलं. आजाराचं इतकं वाटलं नव्हतं.

दादाला सांगायचं नाही, हे बाबांनी पहिल्याच दिवशी ठरवलं. त्याच्या व्हिसाचं काहीतरी नाजूक काम चालू होतं आणि ते पुरं होईपर्यंत त्याने देश सोडू नये, असं तिकडच्या वकिलाने सांगितलं होतं. आता आला तर परत जायचे वांधे होतील. बाबा म्हणाले, "त्याला कळलं तर तो एक मिनिट थांबणार नाही. आणि आला तर त्याचं सगळं मातीत जाईल. झाकली मूठ सव्वा लाखाची."

आई तेव्हा गवार मोडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही."

"उजाडेल तेव्हा बघू," बाबा म्हणाले, आणि विषय संपला. आमच्या घरी विषय ते संपवायचे. आई त्यांच्या शब्दाबाहेर नव्हती. निदान मी तरी तसंच समजत होते.

माझं मत कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी दादाला सांगा म्हटलं असतं, आणि चिडूनच म्हटलं असतं. दर रविवारी सकाळी त्याचा फोन यायचा. मी त्याला ऑफिसचं सांगायची, पावसाचं सांगायची, सोसायटीच्या मीटिंगमध्ये कोण कुणाच्या अंगावर धावून गेलं ते सांगायची. रिसीव्हर ठेवला की माझं डोकं दुखायचं.

फोटो मात्र थांबवता येईनात. दादा सारखा मागायचा, आणि फोटो नाही पाठवले तर त्याला शंका येणार. इथून फ्लॅशची खरी नोकरी सुरू झाली. ट्यूबलाइटमध्ये आईचा चेहरा मातकट पिवळा दिसायचा. फ्लॅश लावला की तो पांढरा स्वच्छ यायचा, आणि आजाराने आलेली सूज भरलेल्या गालांसारखी दिसायची. हे बाबांच्या लक्षात आलं, तंत्रातलं काही न कळता. त्यानंतर भर दुपारी, खिडकीतून लख्ख ऊन आत येत असतानासुद्धा ते म्हणायचे, "फ्लॅश लाव." डाव्या हातावर डायलिसिसच्या सुयांसाठी केलेली फुगीर जागा होती, त्यावर आई पदर ओढून घ्यायची. फोटो निघायचा. बाबा "झालं" म्हणायचे.

नवघर रोडला एका गुजराती गृहस्थाचा सायबर कॅफे होता. मी ऑफिसातून येताना तिथून फोटो पाठवायची. त्यांनी एकदा मागून पडद्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मम्मी का फोटो बहुत अच्छा आया है. एकदम फ्रेश." मी त्यांना थँक्यू म्हटलं. दुसऱ्या दिवशी दादाचं उत्तर आलं, आई मस्त दिसतेय, अंग भरलंय, बाबा मात्र नेहमीप्रमाणे भाषण देतायत. मी ते घरी वाचून दाखवलं. बाबा समाधानाने हसले. आई आत गेली. मी पाठोपाठ गेले तर ती ओट्याला टेकून उभी होती. "मला त्याला एकदा बघायचंय गं," ती म्हणाली. "तो माझे फोटो बघतोय. मी कुणाला बघू?"

मी म्हटलं, मग सांग ना बाबांना. ती म्हणाली, "त्यांना माहीत नाही होय?" डॉक्टरांनी आम्हाला फार लांबचं काही सांगितलं नव्हतं, आणि ते तिला न सांगताही कळलेलं होतं. तो व्हिसा आधी होतो की आई आधी जाते, एवढाच प्रश्न उरला होता, आणि तो आमच्या घरात कुणी उच्चारत नव्हतं.

कॅमेऱ्याचा आईने स्वतःपुरता एक वेगळाच उपयोग शोधून काढला होता. त्या वर्षांत आमच्याकडे दिवे वारंवार जायचे. संध्याकाळी अंधार झाला की आई म्हणायची, "तो कॅमेरा चमकव गं, काडेपेटी कुठे आहे बघू दे." मेणबत्तीपेक्षा कॅमेरा आम्हाला आधी सापडायचा, तो कायम टीव्हीवर. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बटण दाबायची. पहिल्या चमकेत आई काडेपेटी कुठे आहे ते बघून ठेवायची आणि दुसऱ्या चमकेत अचूक हात घालून उचलायची. कधी चुकली नाही. त्या फोटोंत आमचा ओटा, पोळपाट, तेलाची बरणी आणि काडेपेटीवर पडत असलेला आईचा हात आहे. मी ते पुसून टाकायची. आज वाटतं, एखादा ठेवायला हवा होता.

एका रविवारी दादा फोनवर म्हणाला, "दरवेळी तीच भिंत काय दाखवता? बाहेर जात नाही का कुठे?" बाबा घाईघाईने म्हणाले, "जातो की. रोज फिरायला जातो." रोज काय, हॉस्पिटल सोडून आई महिनोन् महिने कुठे गेली नव्हती. आता बाहेरचा फोटो पाहिजे झाला. आईला विचारलं तर तिची उत्तनकडे, डोंगरीला जायची इच्छा निघाली. तिथल्या समुद्राची हवा तिला आवडायची. बाबांनी ते ऐकलं आणि जवळची खाडी ठरवली.

डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी तिला जरा बरं असायचं. तसा दिवस बघून आम्ही संध्याकाळी रिक्षाने जेसल पार्कच्या खाडीवर गेलो. चालायला येणाऱ्यांची गर्दी होती. भेळवाले होते, बाकांवर म्हातारे होते. बाबा इस्त्रीचा शर्ट आणि आज प्रथमच खाली पॅंटही घालून आले होते. रिक्षातून उतरताना त्यांनी आईला आधार दिला. घरात ते आता रोजच तिला कोपराला धरून न्यायचे, बाथरूमपर्यंत, पलंगापर्यंत. पण समोरून कुणी येताना दिसलं की हात काढून घ्यायचे आणि पिशवी त्या हातात घ्यायचे. त्या दिवशीही तसंच झालं. कठड्यापाशी पोचेपर्यंत दोघांच्या मधे नेहमीची जागा तयार झालेली होती.

सूर्य त्यांच्या मागे होता. फ्लॅश लावायलाच लागणार होता, बाबांना सांगावं लागलं नाही. त्यांनी पोट आत घेतलं. आईने पदर डाव्या हातावर ओढला. मी म्हटलं, "दोनदा पडेल हं." बटण दाबलं.

पहिला फ्लॅश पडला. "झालं," बाबा म्हणाले. आई त्यांच्या बाजूला कलली. बाबांनी झटकन तिचं उजवं कोपर धरलं. दुसरा फ्लॅश पडला.

मी धावले. आई म्हणाली, "काही नाही, जरा तोल गेला." आम्ही तिला बाकावर बसवलं आणि थोड्या वेळाने घरी आणलं. दुसरा फोटो काढायची कुणाला इच्छा नव्हती.

सायबर कॅफेत मोठ्या पडद्यावर तो फोटो मी नीट पाहिला. आईचा इतका चांगला फोटो बऱ्याच दिवसांत निघाला नव्हता. ती सरळ कॅमेऱ्यात बघत होती, ओठ मिटलेले, डोळे उघडे. बाबा तिच्याकडे वळलेले, तोंड नेहमीसारखं उघडं. त्यांचा हातही मला दिसला. पण तो हात मी घरात रोज बघत होते. फोटो धाडून दिला.

दादाचा फोन रविवारची वाट न बघता दुसऱ्याच दिवशी आला. बाबांनीच उचलला. मी शेजारी होते आणि दादाचा आवाज रिसीव्हरमधून बाहेर ऐकू येत होता, इतका तो चढला होता.

"बाबा, आईला काय झालंय?"

"कुठे काय? ठणठणीत आहे. फोटो बघितलास ना?"

"बघितला. तुम्ही तिला धरलंय."

बाबांनी आईकडे पाहिलं.

"बाबा, मी जन्मात तुम्हाला आईचा हात धरताना बघितलं नाही. रस्त्यात, लोकांसमोर तुम्ही तिला धरून उभे आहात. काय झालंय तिला?"

वर्षभर खोटं बोलण्यात बाबा चांगले तयार झाले होते. रक्तदाब, हवा, उपास, दाताचं दुखणं, कशाचीही सबब त्यांच्याकडे तयार असायची. त्या प्रश्नावर मात्र त्यांनी रिसीव्हर धरलेला स्वतःचा हात थोडा लांब धरून पाहिला, आणि फोन आईकडे दिला. आई फक्त म्हणाली, "ये रे बाबा."

तो आठवड्याच्या आत आला. दारातून आत आल्यावर त्याने आईकडे पाहिलं, फ्लॅशशिवाय, आणि बूट न काढता तिच्याजवळ जाऊन बसला. पुढे बाबा म्हणाले होते तेच झालं. व्हिसाचं काम अडकलं, ती नोकरी गेली, आणि पुन्हा बाहेर जायला त्याला फार काळ लागला. बाबा एकदाच म्हणाले, "मी सांगत होतो." कुणी त्यांचं खोडलं नाही, कारण ते खरंच होतं. पण तो अडकला म्हणून इथे राहिला. आईच्या डायलिसिसला तो तिच्यासोबत जायचा. तिच्या उशाशी बसून तिला तिकडच्या बर्फाच्या खोट्या-खऱ्या गोष्टी सांगायचा, आणि ती पोट धरून हसायची. दोघांची मजा बघून मला कधीकधी हेवा वाटायचा. आणि बरंही वाटायचं, फार बरं.

त्या दिवसांत एका दुपारी मी आईसमोर तो खाडीवरचा फोटो धरला. दादाने त्याची प्रत काढून आणली होती. मी म्हटलं, "बघ, एवढ्या फोटोंत हा एकच असा आहे की तू सरळ बघतेयस. एरवी तुझं लक्ष कुकरकडे."

आई फोटो बघत म्हणाली, "तूच म्हणाली होतीस ना, दोनदा पडेल म्हणून."

"अगं, ते मी दरवेळी म्हणते."

"हो. पण काडेपेटी दुसऱ्या चमकेलाच उचलायची असते." ती जराशी हसली. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाली, "चक्कर खरीच आली होती हं. थोडीशी. एरवी मी कठडा धरला असता."

मी फोटो पुन्हा जवळ घेऊन पाहिला. बाबांचा शब्द तिने मोडला नव्हता. दादाला तिने काही सांगितलं नव्हतं, कुणाकडून सांगवलं नव्हतं. ती फक्त कठड्याऐवजी नवऱ्याच्या बाजूला कलली, आणि तो तिला धरणार याची तिला पुरेपूर खात्री होती. पहिल्या उजेडानंतर तो लोकांना विसरतो हेही तिला माहीत होतं. तेवढ्या आवंढ्याभर वेळात दुसऱ्या फ्लॅशची वाट बघत आमच्यापैकी फक्त ती उभी होती.

"बाबांना सांगू नकोस," ती म्हणाली. मी नाही सांगितलं.

आई पुढच्या दिवाळीच्या आधी गेली. दादा तिच्याजवळ होता.

भिंतीवर लावायला फोटो हवा होता. दादाने शे-दोनशे फोटो चाळून काढले, पण बाबांनी तो खाडीवरचाच घ्यायला सांगितला, बाकी कुठे ती समोर बघत नाही म्हणून. बाबा आणि मी फोटो मोठा करायला स्टुडिओत गेलो. तिथल्या माणसाने कॉम्प्युटरवर बाबांचा चेहरा कापला, खांदा कापला, मागची माणसं आणि खाडी पुसून मागे निळा रंग भरला. आई एकटी राहिली. तिच्या उजव्या कोपरापाशी मात्र चार बोटं उरली होती.

"अंकल, ये उँगलियाँ भी निकाल देता हूँ," तो म्हणाला. "पता नहीं चलेगा."

बाबा पडद्याच्या अगदी जवळ वाकले. त्यांना हिंदी कधीच धड आली नाही. भाईंदरमध्ये इतकी वर्षं काढूनही ते मराठीवरच हिंदीचं पाणी शिंपडायचे. ते म्हणाले, "नको नको. रहने दो. पकडा है."

हॉलमधल्या त्याच भिंतीवर, शोकेसच्या बाजूला, तो फोटो आहे. नवीन येणारे हमखास विचारतात, ही बोटं कुणाची राहिली? बाबा समोर खुर्चीत पेपर वाचत असतात, पण उत्तर देत नाहीत. मग मी सांगते, त्यांची.